माझ्या नावाची हाळी

२४ फेब्रुवारी ५८, सोमवार. जळकोट

बार्शीहून माधवचं पत्र नाही. माझा भाऊ महिन्याला एक पत्र टाकतो, पाऊस पडो न पडो. संक्रांतीपासून एक नाही. आधी वाटलं रागावला असेल. पण माधव रागावला की दोन पत्रं टाकतो.

ही वही आजपासून शाळेच्या कपाटात राहील, किल्ली माझ्या कमरेला. घरी सोय नाही. नावंही पूर्ण लिहिणार नाही. थोरले दीर, सुधाचे आबा, म्हणजे थो. जाऊबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून अक्का. माझी सुधा ती सुधाच, दहा वर्षांच्या पोरीचं काय लपवायचं. खुणांची यादी त्याच वहीत लिहिण्यात काही अर्थ नाही, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. राहू दे.

३ मार्च, सोमवार

मास्तरणीच्या ट्रेनिंगच्या अर्जाला महिना झाला. हेडमास्तर म्हणाले, मुलाखतीचं बोलावणं मार्चअखेर येईल. मुलाखत उस्मानाबादला, मग जूनपासून वर्षभर बोर्डिंगात. सुधाला बरोबर नेता येतं. आपला भाग मुंबई राज्यात गेल्यापासून एकच ऐकते, ट्रेनिंग नसलेल्यांना फार दिवस ठेवणार नाहीत. सातवी पास विधवेला दुसरं कोण विचारतं? तेवढं एक पत्र चुकून चालणार नाही.

आणि टपालाची इथली तऱ्हा अशी. अकराला सोलापूरची मोटार शिवलिंगअप्पांच्या दुकानापुढं थैली टाकते. अप्पा किराणाबरोबर गावचं टपालही बघतात. पायरीवर उभं राहून एकेका नावाची हाळी देतात. घरचं कुणी असलं तर ‘हाय’ म्हणून घेऊन जातं, नसलं तर पत्र बिस्किटाच्या डब्यात. बायका तिथं उभ्या राहत नाहीत. मी त्या वेळी तिसरीला पाढे म्हणायला लावलेले. खिडकीतून मोटारीचा भोंगा ऐकू येतो, नावं नाही.

आमच्या घरचं टपाल थो. घेतात. ते ग्रामपंचायतीचे कारकून, कचेरी दुकानासमोरच. म्हणजे माझ्या नावाचा प्रत्येक कागद आधी त्यांच्या हातात. या घरात अकरा वर्षं झाली, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

८ मार्च, शनिवार

आज अर्धी शाळा. मीठ आणायचं निमित्त करून अकराला दुकानापाशी गेले, लांबच उभी राहिले. अप्पांनी हाळी दिली, “गुंडेराव माधवराव!” कुणी हाय म्हटलं नाही. असा माणूस गावात नाही. अप्पा म्हणाले हे त्याचं चौथं पत्र, डब्यात पडून हाय. सगळे हसले. थो. हसले नाहीत, कागद चाळत बसले होते.

कोण हा गुंडेराव? खोट्या नावावर कुणी पत्रं मागवतंय का? आणि माझ्या भावाचंच नाव त्यात कसं? घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एवढं शिजलं की मीठ आणायचंच विसरले. अक्कांनी विचारलं, मीठ कुठंय. मी म्हटलं संपलं होतं. लगेच त्या अप्पांकडं जाऊन घेऊन आल्या.

२२ मार्च, शनिवार

काल पाडवा. थो. नी सुधासाठी गाठी आणली, रंगीत, मोठी, हारासारखी. त्यांना मूलबाळ नाही. सुधाला चालायला त्यांनीच शिकवलं. तिच्या बापाला वेळ मिळाला नाही.

थो. माझ्याशी थेट बोलत नाहीत. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी बोलू नये ही रीत, मीही पाळते. काय सांगायचं ते सुधाच्या तोंडून. काल जेवताना म्हणाले, “सुधे, तुज्या आईला इचार, तिकडं बोर्डिंगात तुला लोण्याचा गोळा कोन देनार हाय?” सुधा हसली. अक्का हसल्या नाहीत.

मी जाईन तर सुधा जाईल. आणि बोलावणं आलंच नाही तर दोघी इथंच. एवढा साधा हिशोब मला आजवर दिसला नव्हता.

३१ मार्च, सोमवार

काल सुधाच्या चष्म्यासाठी सोलापूरला गेले. चष्म्याचं काम झालं, दुसरंही एक केलं.

स्टँडजवळ कार्ड घेतलं आणि डाव्या हातानं माझ्याच नावावर पत्र लिहिलं. खाली सही यमुनाबाई. मजकूर असा, की ट्रेनिंगचे साहेब येत्या पंधरवड्यात स्वतः जळकोटला येणार आहेत, मुलीसह तयार राहणे. कार्डच ते, घेणारा वाचणारच. वाचलं की घरात कुणाच्या तरी तोंडावर उमटेल. पत्ता मात्र सगळे लिहितात तसाच ठेवला, ‘जळकोट, जि. उस्मानाबाद’. जास्त काही लिहिलं तर शक यायचा.

कार्ड पेटीत टाकलं. सुधानं विचारलं कुणाला पत्र. म्हटलं, आहे एक ओळखीची बाई.

९ एप्रिल, बुधवार

सोलापूर ते जळकोट दोन तासांची वाट. दहा दिवस झाले. कार्ड नाही.

ट्रेनिंगच्या कचेरीचं बोलावणंही नाही. माधवचं तर नाहीच.

रोज संध्याकाळी थो. च्या तोंडाकडं बघते. शांत. तेवढं शांत माणसानं असू नये. काल त्यांच्या सदऱ्याचा खिसा धुण्याआधी बघितला. सुपारी आणि सुधाच्या तुटक्या पेन्सिलीचं टोक. मग बाहीनं डोळे पुसून धुवायला बसले. माझीच मला लाज वाटली, पण उद्याही बघणार.

१५ एप्रिल, मंगळवार

काल व्हायचं ते झालं.

थो. जेवायला बसले होते, अक्का वाढत होत्या. मी चुलीपाशी. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडं तोंड करून बोलले. “माझी पत्रं कुठं जातात, तेवढं सांगा.”

अक्कांच्या हातातलं भाकरीचं टोपलं खाली. थो. ताटावरून उठले. अर्धी भाकरी तशीच. हात धुतला, टोपी घातली, बाहेर गेले. सुधा एकदा माझ्याकडं, एकदा दाराकडं.

अक्का मग म्हणाल्या, एवढंच, “अन्नावरनं उठवलंस गं त्येन्ला.” मला फटकारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज सकाळी सुधाकडून निरोप. उद्यापासून या घरचं टपाल आबा आणणार नाहीत. ज्याचं त्यानं आणावं.

२२ एप्रिल, मंगळवार

हेडमास्तरांना विचारून सुट्टी अकराला आणली. आठवडाभर मीच पायरीपाशी जाते. पहिल्या दिवशी पुरुष गप्प झाले, अप्पांना हाळी देताना खोकला आला. आता सवय झाली. त्यांना झाली, मला नाही.

आठ दिवसांत माझ्या नावाची एकही हाळी नाही. म्हणजे थो. आणत नसतानाही पत्र येत नाही. याचा अर्थ कळतो, पण मान्य करवत नाही. कदाचित अप्पाच सामील असतील. समोरासमोर बसणारी माणसं.

थो. घरात जेवतात, पण माझ्या हातचं नाही. अक्का वेगळं पातेलं चढवतात.

२९ एप्रिल, मंगळवार

सगळं नीट लिहिते.

आज अप्पांनी हाळी दिली, “वत्सलाबाई, कन्याशाळा.” मी हाय म्हटलं. आवाज फाटला. सुतळीनं बांधलेलं जाड पुडकं. पत्ता अनोळखी, फार सुंदर अक्षर. ‘जळकोट, तालुका तुळजापूर.’ तालुक्याखाली दोन रेघा.

पाठवणारे एक मास्तर. तेही जळकोटचेच. दुसऱ्या जळकोटचे, उदगीरकडच्या. त्यांनी लिहिलंय ते असं. पूर्वी उदगीर बिदर जिल्ह्यात होता. प्रांत बदलले तेव्हा आपल्या जिल्ह्यात आला. आता उस्मानाबाद जिल्ह्यात जळकोट दोन. लोक सवयीनं तालुका लिहीत नाहीत, मग पत्र जिकडं वारं तिकडं. तुमच्या नावाची काही इकडं साठली, कन्याशाळा वाचून पाठवतो. आमच्या गावचे गुंडेराव माधवराव रोज मोटारीपाशी येऊन बसतात, मुलगा पलटणीत आहे. त्यांची काही तिकडं असल्यास कृपा करावी.

मी तिसरीला जिल्ह्याचा भूगोल शिकवते. भिंतीवरचा नकाशा जुना, त्यात उदगीर नाही. रोज त्याच नकाशावर काठी ठेवून मुलींकडून तालुके म्हणवून घेतले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही माझ्याच काखेत.

पुडक्यात माधवची तीन पत्रं. पहिल्यात हलव्याचा चुरा, मुंग्यांनी खाऊन उरलेला. दुसऱ्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, ये म्हणून. तिसऱ्यात दोन ओळी, आई विचारून थकली, आता आम्हीही लिहिणार नाही. आणि माझं डाव्या हाताचं कार्ड. यमुनाबाई सगळा जिल्हा फिरून आल्या.

पाचवं एक कार्ड थो. च्या नावाचं. पत्त्यात तेच, तालुका नाही. कार्ड वाचायला चोरी लागत नाही, मी वाचलं. उस्मानाबादच्या कचेरीतले त्यांचे कुणी ओळखीचे आहेत. लिहितात, आपण विचारल्यावरून चौकशी केली. वत्सलाबाईंचं बोलावणं २८ मार्चला रवाना झालं. पत्ता स्वतः पाहिला, मु. पो. जळकोट, ता. तुळजापूर, बरोबर आहे. चार दिवसांत पोचेल, लक्ष ठेवावे.

थो. नी माझ्यासाठी चौकशी केली होती. मला न सांगता. हे वाचून पायरीवरच रडू आलं, अप्पांनी तोंड फिरवलं.

शाळेत येऊन पुन्हा वाचलं. तेव्हा दुसरं दिसलं. बोलावण्यावर तालुका होता. म्हणजे ते उदगीरकडं गेलेलं नाही. पुडक्यातही नाही. ते इथंच आलं असणार, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा टपाल थो. आणत होते. आणि ‘लक्ष ठेवावे’ कशासाठी?

३० एप्रिल, बुधवार

काल संध्याकाळी माधवची पत्रं आणि मास्तरांचं पत्र थो. पुढं ठेवलं. पदर पसरून म्हटलं, माझं चुकलं. अक्का डोळे पुसत होत्या.

त्यांच्या नावाचं कार्ड मात्र दिलं नाही. ते इथं कपाटात आहे, या वहीखाली. का नाही दिलं? त्यांच्याकडून आधी काय निघतं ते बघावं म्हणून. माफीही मागितली आणि हातचा एक राखलाही. अशी मी.

थो. नी मास्तरांचं पत्र दोनदा वाचलं. मग ओट्यावर पाठमोरे बसले आणि थेट माझ्याशी बोलले. सुधा शेजारी असून तिच्या तोंडून नाही.

“सुधाच्या आई, तुमचं पत्र म्या दाबलं न्हाय. पर ते येईना म्हनून मला बरं वाटत हुतं, हे बी खोटं न्हाय.”

असं खरं बोलणारा माणूस खोटं बोलेल का? की एवढं खरं बोलून बाकीचं झाकतो? रात्रीचं जेवण एकाच पातेल्यातलं. मिठाचा अंदाज माझा चुकला, कुणी काही म्हटलं नाही.

१४ मे, बुधवार

सुट्टी. वही घरी आणली, डाळीच्या डब्यात खाली. दोन दिवस बार्शीला जाऊन आले. आईनं हातानं चाचपून माझं तोंड ओळखलं, माधव अजून फुगलेला.

गुंडेरावांची पत्रं अप्पांनी डब्यातून काढली, सात निघाली. मी पुडकं बांधलं, तालुक्याखाली तीन रेघा. गाव चार महिने त्या नावाला हसलं, मीही त्याच्यावर रामायण रचलं. तिकडं म्हातारा मोटारीची वाट बघत बसलेला.

उस्मानाबादच्या कचेरीला शाळेच्या पत्त्यावरून विचारणा टाकली.

९ जून, सोमवार

शाळा उघडली. कचेरीचं उत्तर हेडमास्तरांकडं येऊन पडलं होतं. बोलावणं पाठवलं होतं, मुलाखत १२ एप्रिलला झाली, आपण गैरहजर. ते मिळालंच नसेल तर तसा ग्रामपंचायतीचा दाखला जोडून २० जूनच्या आत पुन्हा अर्ज करावा, दुसऱ्या यादीत विचार होईल.

ग्रामपंचायतीचा दाखला. सही सरपंचाची, मजकूर कारकुनाचा. म्हणजे बोलावणं या घरी आलं नाही हे थो. नीच लिहून द्यायचं.

१२ जून, गुरुवार

दिलं लिहून. काल अक्कांकरवी विचारलं, आज दुपारी सुधाच्या हाती दाखला शाळेत. त्यांचं ते वळणदार मोडीतून आलेलं अक्षर. ‘सदरहू बाईंचे नावाचे पत्र त्यांचे घरी पोचलेले नाही, हे आम्ही खात्रीने सांगतो.’ शिक्का, सही.

खात्रीने हा शब्द त्यांना कुणी सांगितला नव्हता. तो त्यांनी स्वतः घातला. दिवसभर त्या शब्दाभोवती फिरतेय. निर्दोष माणूस असंच लिहील. दोषी असता तर त्यानंही असंच लिहिलं असतं.

सुधाला विचारलं, आबा लिहिताना काही बोलले? म्हणाली, “आबा म्हनले, आता तुजी आई जानार. मग टोपी झटकली.”

१६ जून, सोमवार

रविवारी थो. नी सुधाच्या नव्या पुस्तकांना कव्हरं घातली. दरवर्षी तेच घालतात. दोघं ओट्यावर बसून, खळीची वाटी मध्ये.

आज वर्गात तिचं भूगोलाचं पुस्तक हातात घेतलं. नवीन, नकाशात उदगीर आहे. बाकीच्या पुस्तकांना वर्तमानपत्र, नुसतं दुमडलेलं. याला खाकी सरकारी लखोटा, उलगडून उलटा केलेला, लिहिलेली बाजू आत. आणि चारी कडा खळीनं पक्क्या चिकटवलेल्या.

ग्रामपंचायतीत असे लखोटे ढिगानं येतात. घरी रद्दीत कायम दोनचार असतात. यात शक घेण्यासारखं काही नाही. हे मी स्वतःला चार वेळा सांगितलं.

सुधा म्हणाली, “कागद फाटका हुता म्हनून आबांनी चिटकवलं.” फाटका होता तर दुसरा का नाही घेतला, हे दहा वर्षांच्या पोरीला कसं विचारू?

खिडकीशी धरलं. आत शाईच्या ओळी आहेत, पत्त्यासारख्या तिरक्या. वाचता येत नाहीत.

१८ जून, बुधवार

अर्ज तयार. दाखला जोडलाय. पत्ता माझा, शाळेचा, तालुक्यासकट. चारच्या परतीच्या मोटारीनं गेला तर वेळेत पोचेल, उद्या टाकला तर भरवसा नाही.

दुपारची सुट्टी. मुली बाहेर. भूगोलाचं पुस्तक मी सुधाकडून मागून घेतलंय, चारला परत द्यायचंय. टेबलावर पाण्याची वाटी आणि फडकं. खळ गव्हाच्या पिठाची, ओल्या फडक्यानं क्षणात सुटेल. पुस्तकाला काही होणार नाही.

आत दुसरंच नाव निघालं तर मी चार महिने एका भल्या माणसाला पाण्यात पाहिलं. माझं नाव निघालं तर हा दाखला खोटा, आणि तो खोटा आहे हे माहीत असून मला पाठवता यायचा नाही. मग ट्रेनिंगही नाही, त्या घरात ताठ मानेनं जेवणही नाही. आणि सुधा आबांना काय म्हणेल?

न बघता अर्ज टाकला तर मी जाईन. सुधाही येईल. आणि जन्मभर मला माहीत नसेल.

सकाळी निघताना थो. दारात होते. पुन्हा थेट बोलले, दुसऱ्यांदा. “पोरीला तिकडं थंडीत कानाला काहीतरी बांधत जावा, तिचे कान दुखत्यात.” मी बरं म्हटलं.

त्यांचं कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. दीड महिना झाला. दुसऱ्याचं पत्र दाबून ठेवणारं माणूस या घरात मला नक्की असं एकच माहीत आहे, ते मी.

फडकं भिजवून पिळून ठेवलंय. चारच्या मोटारीचा भोंगा अजून वाजलेला नाही.